लिवून काय हुतंय?

कोल्हापुरात प्रश्न आडवळणानं विचारायची पद्धत नाही. पोरगं कविता करतंय असं कळलं की शेजारचे काका थेट विचारतात, "लिवून काय हुतंय रं?" त्यात कुत्सितपणा फारसा नसतो, हिशेबी कुतूहल असतं. ज्या जिल्ह्यात म्हैस किती लिटर देते, उसाला टनाला काय पडलं, पैलवानानं कुठली गदा आणली याचा जाब रोज द्यावा लागतो, तिथं रात्री जागून कागद काळे करणाऱ्यालाही कधीतरी जाब द्यावा लागणारच.

अडचण अशी, की बहुतेक लिहिणाऱ्यांना तो देता येत नाही. मराठी घेऊन बी.ए. करणारा विद्यार्थी मम्मटाची काव्यप्रयोजनं परीक्षेपुरती पाठ करतो. यश, पैसा, व्यवहाराचं ज्ञान, अशुभाचं निवारण, तत्क्षणी मिळणारा परमानंद आणि प्रियेनं समजूत घालावी तसा गोड उपदेश. काश्मीरच्या त्या पंडितानं अकराव्या शतकाच्या सुमारास केलेली ही यादी अजून प्रश्नपत्रिकेत येते आणि चार गुण मिळवून देते. पण तिसऱ्या प्रकरणात रुतलेली कादंबरी यातल्या एकाही प्रयोजनानं पुढं सरकत नाही. तिथं लागतं ते काही वेगळंच. ते काय असतं हे पाहायला कोल्हापूरइतकी सोयीची जागा मराठीत दुसरी सापडणं अवघड, कारण लिहायचं कशासाठी यावरचं मराठीतलं सर्वांत गाजलेलं भांडण ज्या दोघांच्या नावानं ओळखलं जातं, ते दोघंही काही वर्षं एकाच वेळी याच गावात राहत होते.

ना. सी. फडके १९२६ साली राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला आले आणि वीसेक वर्षं इथं रमले. वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून आले ते कायमचेच. त्यांना ओढून आणलं सिनेमानं. 'हंस पिक्चर्स'साठी त्यांनी लिहिलेला 'छाया' १९३६ मध्येच पडद्यावर आला होता, मास्टर विनायकांना आणखी पटकथा हव्या होत्या. तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे स्टुडिओ, तालमी, दरबार आणि कॉलेज असा चमत्कारिक संसार. त्यात हे दोन लेखक, दोघंही महाराष्ट्रभर लाडके, आणि दोघांच्या कपाळावर वाचकांनी मारलेले दोन शिक्के: फडके म्हणजे कलेसाठी कला, खांडेकर म्हणजे जीवनासाठी कला. १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फडके झाले, लगेच पुढच्या वर्षी सोलापूरला खांडेकर. वाचनालयांत, वसतिगृहांत, चहाच्या टेबलावर बाजू वाटून घेतल्या गेल्या.

शिक्क्यांवर विश्वास ठेवला तर एकाला हेतू होता आणि दुसऱ्याला नव्हता. पुस्तकांची यादी मात्र वेगळं सांगते. कोल्हापुरात आल्यावर वर्षभरात, १९२७ साली, याच फडक्यांनी हिंदुस्थानातल्या लैंगिक प्रश्नांवर आणि संततिनियमनावर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याला प्रस्तावना होती अमेरिकेत या चळवळीसाठी तुरुंगात जाऊन आलेल्या मार्गारेट सँगर यांची. तो काळ डोळ्यांसमोर आणला तर हे धाडस किती होतं ते कळतं. रघुनाथ धोंडो कर्व्यांना याच विषयापायी मुंबईत नोकरी गमवावी लागली होती. म्हणजे समाजाला काही सांगायची खाज फडक्यांना नव्हती असं नाही. त्यांनी एवढंच केलं, की सांगायचं ते एका दौतीतून लिहिलं आणि कादंबरीसाठी दुसरी दौत ठेवली. पुढं तीही भिंत टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर त्यांनी 'उजाडलं! पण सूर्य कुठं आहे?' अशा नावाची कादंबरी लिहिली. नुसत्या रंजनासाठी बसलेला माणूस असं नाव ठेवत नाही.

तरी फडक्यांचं खरं इंधन राजकारण नव्हतं, कारागिरी होती. 'प्रतिभासाधन' हे त्यांचं १९३१ सालचं पुस्तक म्हणजे गोष्ट बांधायची कशी याचा धडाच: सुरुवात कुठं करावी, पेच कधी घालावा, पात्राला पहिल्यांदा कुठल्या उजेडात आणावं. त्यांच्या सत्तरच्या आसपास कादंबऱ्या या एका प्रश्नावर उभ्या आहेत: हे आधीपेक्षा नेटकं जमेल का? समीक्षकांनी पुढं त्यांना तंत्रवादी म्हणून बाजूला सारलं. त्यात थोडा अन्याय झाला. सुताराला चौकट काटकोनात बसवण्यात जे सुख मिळतं त्याला आपण कमी लेखत नाही, मग लेखकाच्या त्याच सुखाला उथळ म्हणायचं कारण काय? फक्त या इंधनाची एक मर्यादा आहे. हात सराईत झाला की ते संपतं. फडक्यांच्या उत्तरकाळातल्या कादंबऱ्या चाळताना ते जाणवतं. यंत्र सुरळीत चालू आहे, पण गाडी कुठं निघालीय ते कळत नाही.

खांडेकरांची गोष्ट उलटी, आणि शिक्क्याइतकी सोपी नाही. १९२० साली बावीस वर्षांचा हा मुलगा शिरोड्याच्या शाळेत मास्तर म्हणून गेला तेव्हा तो काही ध्येय शोधायला निघालेला नव्हता. वडील लवकर गेलेले, कॉलेज अर्धवट सुटलेलं, दत्तक गेल्यानं नावसुद्धा बदललेलं. गणेश आत्माराम गेला आणि विष्णू सखाराम झाला. कोकणातल्या त्या किनारी गावात त्यानं अठरा वर्षं काढली. समोर फाटक्या सदऱ्यातली हुशार पोरं, मिठागरात राबणारी माणसं, आणि १९३० मध्ये तिथंच झालेला मिठाचा सत्याग्रह. पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' आली तीही १९३० मध्ये, म्हणजे मास्तरकीच्या दहा वर्षांनंतर. हेतू आधी ठरवून मग शिरोडं गाठलं, असं झालं नाही. शिरोड्यानं हेतू दिला, तोही सावकाश.

खांडेकरांच्या वाक्यांची एके काळी वह्यांत नक्कल होत असे. तरुण मुली ती वाक्यं पत्रांत घालत, वक्ते भाषणांत. पुढच्या पिढीनं त्यांची टवाळी केली आणि तीही सगळीच चुकीची नव्हती. ध्येयवादी नायक चार पावलं चालला की एक सुविचार बोलतो, चंद्र उगवला की उपमांची आरास लागते. यातून एक गोष्ट ध्यानात येते. शिरोड्याचं एखादं पोर डोळ्यांपुढं असतं तेव्हा खांडेकर सुंदर लिहितात. पोर बाजूला होऊन 'मानवता' पुढं आली की वाक्य जड होतं. मोठा हेतू लेखणीला फार लवकर सभेच्या व्यासपीठावर चढवतो.

आणि मग 'ययाति'. १९५९ सालच्या या कादंबरीत या ध्येयवादी लेखकानं काय केलं? ज्याला ध्येय नावाची चीजच नाही, भोगाच्या मागं आंधळा धावत सुटलाय, स्वतःच्या मुलाचं तारुण्यसुद्धा मागून घेतोय, असा राजा निवडला आणि बोलायचं काम त्याच्याच तोंडी दिलं. ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते. वर्गात उभं राहून समजावणारे मास्तर यात जवळजवळ नाहीत. भोगलालसेच्या काळाविषयीची आपली अस्वस्थता या पुस्तकात आहे हे खांडेकरांनी सांगून ठेवलं होतं, पण पानांवर त्यांनी त्या अस्वस्थतेला उत्तर देऊ दिलं नाही. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं, याच्या वाट्याला आलं. अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, तरी सांगून लिहवून घेणं चालू राहिलं. १९७६ मध्ये ते गेले. शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे, आणि तिथं येणाऱ्या शाळेच्या सहलींना मास्तर अजूनही सुविचारच आधी दाखवत असतील तर नवल नाही.

हा वाद कोल्हापूरपुरता नव्हता. १९३६ मध्ये लखनौला प्रगतिशील लेखकांच्या पहिल्या अधिवेशनात प्रेमचंदांनी साहित्याचा उद्देश हाच विषय घेतला होता. १९४६ मध्ये जॉर्ज ऑरवेल यानं आपण का लिहितो याची चार कारणं मांडली, त्यात पहिलं कारण निखळ अहंकार असल्याचं कबूल करून टाकलं. मराठी लेखकांच्या मनोगतांत हे कारण सहसा सापडत नाही. मिरवायची हौस कोल्हापुराला नवी नाही, पण लेखक तेवढं सोडून बाकी सगळं सांगतो.

हेतू म्हणजे विचारसरणी असावी लागते असंही नाही. कधी तो एखाद्या पात्राच्या रूपानं मानगुटीवर बसतो. आजऱ्याचे शिवाजी सावंत कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात शिक्षक होते. पगार मास्तरचा आणि डोक्यात कर्ण. कुरुक्षेत्रापर्यंत जाऊन आले, साधनं गोळा केली, आणि १९६७ मध्ये 'मृत्युंजय' आली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. नऊ खंड आणि बोलणारी सहा माणसं. त्यातले चार खंड एकट्या कर्णाचे, उरलेले कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण यांचे. ज्याला जन्मभर कुणी बोलू दिलं नाही त्याला एवढ्या पानांचा अवकाश देणं हा एक प्रकारचा खटलाच होता आणि सावंत कर्णाचे वकील. त्यांची भाषा फुलते, पल्लेदार होते, कधी कधी अति होते. पण वकिलाला आपलं अशील निर्दोष वाटतंय याविषयी शंका उरत नाही.

गंमत पुढं आहे. त्याच जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात कोवाड नावाच्या गावी रणजित देसाई राहत होते. 'स्वामी'नं त्यांना १९६४ मध्ये साहित्य अकादमी मिळवून दिली होती. सावंतांचा कर्ण घरोघरी पोचलेला असताना, १९७३ मध्ये, देसायांनी 'राधेय' लिहिली. पुन्हा कर्णच! बाजाराचा हिशेब मांडणारा प्रकाशक हे करू नका म्हणाला असता. पण दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की दोघांना कर्ण का हवा होता ते वेगळं वेगळं दिसतं. सावंतांना त्याला न्याय मिळवून द्यायचा होता. देसायांना त्याच्याजवळ जरा बसायचं होतं. 'राधेय' लहान आहे, उदास आहे, तिच्यात सूर्यापेक्षा संध्याकाळ जास्त आहे. हा कर्ण महाभारतात शोधू नका, असं देसायांनी आधीच बजावून टाकलं. विषय कुणी आधी घेतला म्हणून उष्टा होत नाही, हे दोन शेजारी तालुक्यांतल्या या दोघांनी सिद्ध करून ठेवलंय. 'माझ्या विषयावर आधीच लिहून झालंय' म्हणून वही मिटणाऱ्यांनी ही दोन्ही पुस्तकं एकदा तरी लागोपाठ वाचावीत.

कागलचे आनंद यादव आधी कवी. 'हिरवे जग' हा त्यांचा संग्रह १९६० चा. मग 'गोतावळा' आली, ट्रॅक्टर आल्यावर जनावरांसकट सगळं भावविश्व उठून जातं त्या शेतमजुराची. स्वतःच्या शाळेसाठी बापाशी घेतलेली 'झोंबी' मात्र छापून आली १९८७ मध्ये, तोवर यादवांनी पन्नाशी ओलांडली होती आणि ते पुण्यात मराठीचे प्राध्यापक होते. एवढा उशीर का? बहुधा बापावर रागानं लिहायचं नव्हतं म्हणून. त्या पुस्तकातला बाप क्रूर आहे, पण लेखकानं त्याला खलनायक होऊ दिलेलं नाही. खंडानं घेतलेल्या रानात राबून राबून तोही पिचलाय, हे पानोपानी दिसतं. पंचविशीत लिहिलेली 'झोंबी' वेगळी झाली असती आणि लहान झाली असती.

कोल्हापुरातून पुणे-बेंगळुरू रस्त्यानं दक्षिणेला निघालं की कागल मागं पडतं आणि लगेच निपाणी येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेली. भाषा आणि बाजार मात्र कोल्हापूरकडे तोंड करून राहिले. इथं महादेव मोरे राहत. मोठ्या शहरातल्या कित्येक वाचकांना हे नाव आजही सांगावं लागतं. त्यांनी टॅक्सी चालवली, मग पिठाची गिरणी चालवली आणि कथा-कादंबऱ्या लिहिल्या. 'एकोणिसावी जात', 'झोंबड', 'चिताक' अशी त्यांच्या पुस्तकांची नावंच सांगतात की हा गृहस्थ ड्रॉइंगरूममधून लिहीत नाही. ड्रायव्हर, क्लीनर, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, विड्या वळणाऱ्या, जोगतिणी अशी माणसं त्यांच्याकडे आली ती संशोधनाचा विषय म्हणून नाही. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन याच गावानं पाहिलं, तेव्हा देशभरातले पत्रकार इथं आले आणि परत गेले. मोरे गिरणीतच होते.

गिरणीवाल्याला लिहिण्याचा हेतू कुठून मिळतो हा प्रश्न त्यांच्या बाबतीत थोडा मूर्खपणाचा वाटतो. दळणाचा डबा घेऊन आलेलं माणूस पट्ट्याच्या आवाजात बोलत राहतं, पीठ पडेपर्यंत थांबतं, उधारी सांगून जातं. ज्यांच्याविषयी लिहायचं ती माणसं रोज दारात. त्यांच्या दुःखाला 'शोषण' असं एकगठ्ठा नाव देऊन मोकळं होता येत नाही, कारण उद्या तेच माणूस पुन्हा दळण घेऊन येणार. खोटं लिहिलं तर त्याच्या नजरेला नजर द्यायची कशी? पुरस्कार आणि समीक्षा यांपेक्षा हा धाक अधिक कामाचा. मोरे २०२४ मध्ये गेले. त्यांच्या आयुष्यात लेखक आणि गिरणीवाला ही दोन वेगळी माणसं नव्हती. अनेक लेखकांच्या चरित्रात पोटाचा धंदा हा लेखनातला अडथळा म्हणून येतो. इथं धंदा काढून घेतला तर लेखनच उरत नाही.

निपाणीहून थोडं आत वळलं की गडहिंग्लज. तिथल्या राजन गवसांची पहिली कादंबरी 'चौंडकं' १९८५ मध्ये आली, तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलींचा विषय या भागाला नवा नव्हता. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ चा. १९७५ मध्ये तर गडहिंग्लजलाच देवदासींची परिषद भरली होती, ठराव झाले होते, भाषणं झाली होती. मग कादंबरी कशाला? कारण ठराव 'प्रथा' म्हणतो. केसात जट झाली म्हणून जिला देवीला वाहिलं त्या पोरीला मात्र त्या दिवशी कोण काय म्हणालं, आईनं तोंड कुठं फिरवलं, हे ठरावात लिहायची सोय नसते. गवस पुढं 'भंडारभोग'मध्ये जोगत्याकडे वळले. तो तर चळवळीच्या नजरेतूनही बराचसा निसटलेला होता. २००१ मध्ये 'तणकट'ला साहित्य अकादमी मिळाली, पण त्यांचं बळ ओळखायचं तर या पहिल्या दोन पुस्तकांकडे जावं लागतं. तिथं भाषा कानडीच्या वाऱ्यानं हललेली आहे आणि लेखकाला पुण्या-मुंबईच्या वाचकाची फिकीर नाही.

सगळंच लिहिणं कथा-कादंबरीतून येतं असं नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन-आनंद विद्यालय सुरू केलं. आयुष्य शिक्षक घडवण्यात गेलेलं, आता स्वतः शाळा काढून पाहायची होती. वर्गात घडलं ते त्या लिहून ठेवू लागल्या: मुलांनी कुठला प्रश्न विचारला, कुठला उपक्रम फसला, कुठल्या शिक्षिकेला नवी वाट सापडली. त्या पुस्तकांत साहित्यिक होण्याची आस कुठं दिसत नाही, आणि म्हणूनच बहुधा ती वाचवतात. काम आधी, लेखन त्या कामाची नोंद. 'काय लिहू' हा प्रश्न त्यांना पडला असेल असं वाटत नाही, 'कधी लिहू' हा रोज पडला असेल.

कधी हेतूला पैसाही लागतो, हे भाबड्या चर्चांत विसरलं जातं. ३१ जानेवारी १९२० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं. हेतूची कमतरता नव्हती, कमतरता होती ती रकमेची. ती छत्रपती शाहू महाराजांनी दिली, अडीच हजार रुपये.  पुढं दोनच महिन्यांत, २१ आणि २२ मार्चला, माणगावची परिषद झाली आणि तिथं महाराजांनी आंबेडकरांना जाहीरपणे पुढारी मानलं. 'मूकनायक' १९२३ पर्यंत टिकलं. मग १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता', १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. पत्रं बंद पडत गेली, नव्या नावानं उभी राहत गेली. एक पत्र बंद पडलं म्हणून हेतू हरवला असं ज्याला वाटतं त्यानं ही चार नावं एका खाली एक लिहून पाहावीत.

याच परंपरेतलं एक छोटंसं पुस्तक बिंदू चौकाच्या आसपास सहज मिळतं. गोविंद पानसरे यांचं 'शिवाजी कोण होता?' १९८७ मध्ये दिलेलं भाषण, १९८८ मध्ये पुस्तिका. पानसरे वकील, कामगारांचे पुढारी, कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते. लेखक म्हणून मिरवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या पोरांना शिवाजी राजाचं शेतकऱ्याशी, स्त्रियांशी, इतर धर्मीयांशी वागणं कसं होतं ते सांगायचं एवढाच त्यांचा उद्योग. त्यासाठी त्यांनी जाडजूड चरित्र लिहिलं नाही. एका बैठकीत संपेल, कुणालाही परवडेल, बोलीच्या जवळची भाषा असेल असं लिहिलं. लाखांहून जास्त प्रती खपल्या, अनेक भाषांत गेलं. विद्वानांनी त्यात इतिहाससंशोधनाच्या दृष्टीनं काय कमी आहे ते जरूर सांगावं, पण वाचक नेमका कोण हे एवढं पक्कं ठाऊक असलेलं पुस्तक मराठीत क्वचित मिळतं. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी फिरून परतताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यानंतर ती पुस्तिका ज्यांनी आधी कधी हातात घेतली नव्हती अशांनीही घेतली.

या सगळ्यांना एका दोरीत ओवायचा मोह टाळलेला बरा. फडके आणि मोरे एका दोरीत बसत नाहीत, पानसरे आणि देसाई तर नाहीतच. तरी एक गोष्ट वारंवार दिसते. यातल्या कुणालाही हेतू एकांतात मनाचा तळ ढवळून सापडला नाही. तो बाहेरून आला. शिरोड्याच्या वर्गातून, गिरणीच्या दारातून, जोगतिणीच्या घरातून, किंवा महाभारतातल्या एका अपमानित माणसाकडून. लेखन कार्यशाळांतून हल्ली 'स्वतःच्या आत डोकवा' असं सांगतात. कोल्हापूरचा अनुभव सांगतो की आधी समोर कोण उभं आहे ते बघावं.

पन्हाळा तालुक्यातल्या निकमवाडीचे कृष्णात खोत हे याचं आजचं उदाहरण. 'गावठाण', 'रौंदाळा', 'झड-झिंबड', 'धूळमाती' अशा कादंबऱ्यांतून ते याच डोंगरपट्ट्यात फिरत राहिले. 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव गेलेला देवाप्पा मागं जंगलात राहिलेली म्हैस आणायला परत निघतो, एवढीच त्या कादंबरीची गोष्ट. पुनर्वसनाच्या कागदांत जमीन असते, घराचं क्षेत्रफळ असतं, कुटुंबातली माणसं मोजलेली असतात. मागं राहून रानटी झालेल्या म्हशीशी माणसाचं काय नातं उरतं याचा रकाना त्यात नसतो. राधानगरीपासून चांदोलीपर्यंत धरणांनी उठवलेल्या माणसांवर अहवाल भरपूर झाले असतील. खोतांनी रकाना नसलेली गोष्ट उचलली.

असे रिकामे रकाने या जिल्ह्यात कमी नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा घरांत शिरल्या, शिरोळ आणि करवीरमधली गावंच्या गावं पाण्यात गेली, २०२१ मध्ये पुन्हा तेच. पंचनामे झाले: भिंती किती पडल्या, जनावरं किती गेली, धान्य किती भिजलं. तलाठ्याच्या कागदावर जे आलं नाही ते लोकांकडे आहे. होडीत बसताना म्हातारीनं काय बरोबर घेतलं, दावं कुणी आणि कधी कापलं, छावणीत शेजारी कोण आलं आणि त्याच्याशी किती वर्षांचं वैर होतं. हे सगळं ऐकायला वही घेऊन कुणी गेलं तर प्रस्तावना करायची गरज पडत नाही. पाणी कुठवर आलं होतं, एवढं विचारायचा अवकाश. मग चहा होतो, शेजारचेही येऊन बसतात, आणि प्रत्येकाचं म्हणणं असतं की पहिल्यानं सांगितलं ते जरा चुकीचं आहे.